वर्गात ७३ टक्के

स्क्रीनवर ६९.४१ असा आकडा उमटतो आणि मुलाचे बाबा खिशातून फोन काढतात. कॅल्क्युलेटर उघडतात. आई माझ्याकडे बघते. मी मान हलवते, करू दे त्यांना. मे महिना आहे, मध्य न्यू जर्सीतल्या एका पब्लिक स्कूलची बैठकीची खोली आहे आणि तिसरीतल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या चौथीच्या वर्षाचा हिशेब मांडला जातोय. हिशेब मिनिटांचा आहे.

मी शेजारीण म्हणून आलेय. शाळा सुटल्यापासून आई-बाबा घरी येईपर्यंत मुलगा माझ्याकडे असतो, आणि मुलाला जवळून ओळखणाऱ्या माणसाला पालक अशा बैठकीला बरोबर नेऊ शकतात, तशी इथल्या कायद्यात सोय आहे. नोटिशीत ‘दुभाषा हवा का’ असंही विचारलं होतं. आईनं लिहून टाकलं, नको, मावशी येतायत. वास्तविक तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार. पण ऑफिसात दिवसभर फाडफाड बोलणारी ही पोरगी स्वतःच्या लेकराचा विषय निघाला की अडखळते. मग माझ्या कानाशी मराठीत सांगते आणि मी ते टेबलापलीकडे पोचवते.

पलीकडे पाच जणी आहेत. लॅपटॉपमागे केस मॅनेजर. त्या शाळेच्या चाइल्ड स्टडी टीममधल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या शेजारी रिसोर्स रूमच्या, म्हणजे वेगळ्या शिकवणीच्या खोलीच्या, विशेष शिक्षिका, मग स्पीच थेरपिस्ट, मग स्कूल डिस्ट्रिक्टच्या वतीनं आलेल्या सुपरवायझरबाई. दाराजवळच्या खुर्चीत वर्गशिक्षिका. त्या खुर्चीच्या कडेवरच बसल्यात, कारण त्यांच्या वर्गावर दुसऱ्या बाई तात्पुरत्या उभ्या आहेत. अर्ध्यातून उठायचं तर पालकांची लेखी संमती लागते. तो कागद आईसमोर आधीच सरकवलेला आहे. ज्यांच्या वर्गात मुलगा सगळ्यात जास्त वेळ असतो, त्यांनाच इथं सगळ्यात कमी वेळ आहे.

“माझ्याकडे ७३.३३ येतंय,” बाबा म्हणतात.

केस मॅनेजर कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतात. भिंतीवरच्या पडद्यावर तक्ता आहे. शाळा सकाळी ८:५० ते दुपारी ३:२०. दिवसाची ३९० मिनिटं, आठवड्याची १९५०. त्यातली वर्गाबाहेरची मिनिटं अशी: भाषेसाठी रिसोर्स रूम, रोज ८०, म्हणजे आठवड्याची ४००. स्पीच थेरपी, ३० मिनिटं दोनदा. ऑक्युपेशनल थेरपी, ३० मिनिटं एकदा. मुलांमध्ये मिसळायला शिकवणारा छोटा गट, ३० मिनिटं एकदा. बेरीज ५२०. गणितही दोन बाईंकडून मिळतं, पण ती दुसरी बाई वर्गातच येऊन बसते. म्हणून गणित बाहेरच्या खात्यात जात नाही.

“१९५० वजा ५२०, भागिले १९५०,” बाबा फोन पुढे धरतात.

केस मॅनेजर तक्त्यातल्या एका चौकटीवर जातात, तिथलं सूत्र उघडतात आणि “ओह” म्हणतात. त्यांच्या तक्त्यानं जेवणाची आणि मधल्या सुट्टीची मिळून रोजची ५० मिनिटं दिवसातूनच वजा केलीत. म्हणून छेद १७०० झालाय आणि टक्के घसरलेत. केंद्राचा नियम मात्र सरळ आहे: छेदात शाळेचा पूर्ण दिवस धरायचा, जेवण, मधली सुट्टी, स्वाध्यायाचा तास, सगळं आत. त्या दुरुस्ती करतात. ६९.४१ जाऊन ७३.३३ येतं. कुणी माफी मागत नाही, कुणी मागायला लावत नाही. सुपरवायझरबाई वहीत काहीतरी टिपतात. मला वाटतं, या तक्त्यावर आणखी किती मुलांचे हिशेब झालेत ते तपासायला हवं, असंच टिपलं असावं. निदान तशी आशा.

“७३ म्हणजे फर्स्ट क्लास,” बाबा मला हळूच म्हणतात. “डिस्टिंक्शन दोन मार्कांनी हुकलं.” आई त्यांच्याकडे अशी बघते की ते फोन खिशात ठेवतात.

इथलं डिस्टिंक्शन ७५ला नसतं, ८०ला असतं. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या, बालवाडीपासून २१ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला या आकड्यावरून एका कप्प्यात टाकतात. शाळेच्या दिवसाचा ८० टक्के किंवा जास्त वेळ सर्वसाधारण वर्गात, हा पहिला कप्पा. ४० ते ७९, हा दुसरा. ४०च्या खाली, तिसरा. वेगळी शाळा, निवासी संस्था, घरी किंवा इस्पितळात शिक्षण, यांची खाती आणखी निराळी. १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर यांच्या मधला एक दिवस प्रत्येक राज्य ठरवतं, त्या दिवशी मुलं मोजली जातात; आकडे शाळेकडून डिस्ट्रिक्टकडे, तिथून राज्याकडे आणि राज्याकडून वॉशिंग्टनला जातात. २०२२च्या मोजणीत देशातली सुमारे ६७ टक्के मुलं पहिल्या कप्प्यात होती. न्यू जर्सी या बाबतीत वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसलेलं राज्य आहे. वेगळ्या वर्गांची आणि वेगळ्या शाळांची इथं जुनी सवय आहे. म्हणून सुपरवायझरबाईंना ८०च्या रेषेत आमच्यापेक्षा जास्त रस आहे. त्यांच्या डिस्ट्रिक्टचा टक्का जाहीर होतो आणि राज्यानं ठरवलेल्या लक्ष्याशी ताडून पाहिला जातो.

एका मुलाच्या अर्ध्या अर्ध्या तासांची ही उठाठेव बाहेरच्याला बाबूगिरी वाटेल. मलाही पहिल्यांदा तशीच वाटली होती. पण १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी विशेष शिक्षणाच्या या कायद्याच्या पहिल्या रूपावर सही केली, तेव्हा कायद्यातच लिहिलेलं होतं की देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं पब्लिक स्कूलच्या बाहेरच आहेत. मुलं शाळेत आली. पुढचा प्रश्न, शाळेत आली म्हणजे नेमकी कुठं बसली? इथूनच जवळ, दक्षिण न्यू जर्सीतल्या क्लेमेंटनमध्ये राफाएल ओबर्टी नावाच्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला वेगळ्या वर्गात धाडलं, तेव्हा त्याचे आईवडील कोर्टात गेले. १९९३ साली अपील कोर्टानं निकाल दिला तो त्यांच्या बाजूनं: आधी सर्वसाधारण वर्गातच लागेल ती मदत देऊन बघा, ती खरोखर पुरत नसेल तरच मुलाला बाहेर काढा. आज आयईपीमध्ये, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, प्रत्येक सेवा कधीपासून, किती वेळा, किती वेळ आणि कुठं, हे लिहावंच लागतं, आणि मूल इतर मुलांपासून जितकं वेगळं ठेवणार तितक्याचं कारणही द्यावं लागतं. माझी बहीण सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत ती दिव्यांग मुलाचा प्रकार भरते, मिळालेली साधनं भरते. ते मूल दिवसातला किती वेळ वर्गात बसलं, असा रकाना तिच्यासमोर कधी येत नाही.

पडद्यावर आता पुढचं पान आहे. आई बोट दाखवते. “मावशी, हे ईएसएल कुठं धरलंय?”

घरी मराठी बोलतात म्हणून मुलाला इंग्रजीचे जादा तास आहेत, आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास. ते वेगळ्या खोलीत होतात. ५२०मध्ये ते दिसत नाहीत. मी विचारते. केस मॅनेजर सांगतात की अपंगत्वाशी संबंध नसलेल्या कारणानं मूल बाहेर गेलं, तर तो वेळ ‘वर्गाच्या आत’ धरायचा.

“म्हणजे वर्गात नसतो तरी वर्गात?”

“हो,” केस मॅनेजर म्हणतात, आणि त्यांनाही हसू येतं.

नियमामागचा विचार मला पटतो. भाषेसाठी बाहेर जाणाऱ्या मुलाला अपंगत्वाच्या खात्यात कशाला टाकायचं? पण आईच्या डोळ्यांसमोर तक्ता नाही, पोरगं आहे. ते आठवड्यात आणखी तीनदा दप्तर उचलून बाहेर पडतं. जेवणाची सुट्टीही तशीच. पोरगा कॅफेटेरियात लांब टेबलाच्या टोकाला बसतो, कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन, शेजारी मदतनीस बाई. आठवड्यातली ही २५० मिनिटं झाडून सगळी ‘इतर मुलांसोबत’ या बाजूला पडतात. खुर्ची कुठं आहे ते मोजलं जातं. शेजारच्या खुर्चीशी त्याचं काही बोलणं होतं का, ते मोजायला या तक्त्यात जागा नाही.

वर्गशिक्षिका घड्याळाकडे बघतात. त्या उठायच्या आत मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती मी विचारते.

संध्याकाळी दूध पिताना मुलगा मला वर्गात वाचलेली गोष्ट सांगतो. वर्गशिक्षिका रोज सकाळी एका जाड पुस्तकातलं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवतात. सोमवारची गोष्ट तो पूर्ण सांगतो, आवाज बदलून, कुत्र्याच्या जागी भुंकून वगैरे. मंगळवारची आणि गुरुवारची मात्र मध्येच थांबते. पुढं काय झालं रे, विचारलं की तो मनगटावरचं डिजिटल घड्याळ मला दाखवतो आणि म्हणतो, “टेन फोर्टीन.”

खोलीत क्षणभर कुणी बोलत नाही. मग स्पीच थेरपिस्ट आपली फाइल उघडतात. नोंदींचा कागद आमच्यासमोर येतो: तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, गटात किती मुलं, कशावर काम केलं. मंगळवार, १०:१५ ते १०:४५, गट, ३ मुलं, ‘का’नं सुरू होणाऱ्या प्रश्नांना उत्तर देणं. गुरुवार, तेच. १०:१५ला खोलीत पोचायचं म्हणून मुलगा कुणी न सांगता १०:१४ला उठतो. वर्गशिक्षिका १०ला वाचायला घेतात आणि १०:२५पर्यंत वाचतात. म्हणजे आठवड्यातून दोनदा, कुत्रा हरवल्यावर आणि सापडायच्या आधी, हा मुलगा उठून चालू लागतो आणि ‘का’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकायला जातो.

“मला वाटायचं, त्याला कंटाळा येतो,” वर्गशिक्षिका म्हणतात. “इतका चटकन उठतो तो.”

“दुपारी १:३० चालेल?” थेरपिस्ट विचारतात. त्या वेळी वर्गात प्रत्येकजण आपापल्या वह्या पुऱ्या करत असतो. वर्गशिक्षिका हो म्हणतात. केस मॅनेजर वेळ बदलतात आणि सवयीनं टक्केवारीच्या चौकटीकडे बघतात. ७३.३३. दशांशसुद्धा हललेला नाही. वर्षभर पोराला गोष्टींचे शेवट ऐकायला मिळाले नाहीत, आता मिळतील, आणि वॉशिंग्टनला जाणाऱ्या आकड्यात त्यानं तसूभर फरक दिसणार नाही.

त्या नोंदीच्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. काही ओळींत वेळेच्या जागी कारण लिहिलंय: विद्यार्थी गैरहजर, शाळेचा कार्यक्रम, थेरपिस्ट बैठकीत. शेवटचं कारण वाचून आई मान वर करते. आत्ता, या घटकेला, थेरपिस्ट इथं बसल्यात म्हणून कुणा दुसऱ्या आईच्या मुलाची ३० मिनिटं बुडतायत. “ती भरून देते मी, शुक्रवारी,” थेरपिस्ट म्हणतात. त्यांच्या वहीत शुक्रवारचा रकाना गच्च भरलेला दिसतो.

वर्गशिक्षिका जातात. आता खरा वाद सुरू होतो, आणि तो सुरू करतात सुपरवायझरबाई. भाषेच्या ८० मिनिटांत ४० वाचनाची आहेत आणि ४० लेखनाची. वाचन रिसोर्स रूममध्येच राहू द्या, लेखन वर्गात करूया, मदतीला एक विशेष शिक्षिका वर्गात पाठवू. केस मॅनेजर आकडे घालतात. बाहेरची मिनिटं ५२० वरून ३२०. वर्गातला वेळ ८३.५९ टक्के. पडद्यावरची चौकट आपोआप हिरवी होते. या सॉफ्टवेअरला रंग कुणी भरले असतील ते असोत, त्यांना पालकांची मनं कळतात; बाबांचा चेहरा उजळतो.

इतका वेळ गप्प असलेल्या विशेष शिक्षिका म्हणतात, “सोमवारी आणि शुक्रवारी नको.”

का, ते त्या सांगतात. सोमवार आणि शुक्रवार हे वर्गात गटानं लिहिण्याचे दिवस. चोवीस मुलं सहा टेबलांवर एकाच वेळी बोलतात. मार्चमध्ये त्यांनी त्याला त्या वेळी नेऊन बघितलं. तो टेबलाखाली जाऊन बसला आणि चाळीस मिनिटं तिथंच राहिला. “कागदावर तीही मिनिटं वर्गातलीच लागतील,” त्या म्हणतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार शांत लेखन असतं. ते तीन दिवस तो वर्गात लिहू शकेल. त्यांच्या खोलीत त्यानं हल्ली पाच ओळींचा परिच्छेद लिहिलाय, भुयारी रेल्वेच्या थांब्यांवर. तो कागद त्या आईला देतात. अक्षरं मोठी आहेत, ओळी उजवीकडे चढत जातात, पाचही वाक्यांना पूर्णविराम आहे. आई तो दोनदा वाचते आणि घडी न घालता पर्सच्या वहीत ठेवते.

तीन दिवस वर्गात, दोन दिवस रिसोर्स रूम. केस मॅनेजर टाइप करतात. बाहेरची मिनिटं ४००. वर्गातला वेळ ७९.४९ टक्के.

चौकट पुन्हा पिवळी.

सुपरवायझरबाई नकळत पुढं सरकतात. आवाज अगदी गोड. स्पीचचा दोनांतला एक तास थेरपिस्टनं वर्गातच जाऊन घेतला तर? हल्ली बरेच जण तसं करतात. नुसती ३० मिनिटं इकडची तिकडे केली की ८१.०३. मी हे आईच्या कानात सांगते. ती ऐकून घेते आणि मराठीत मला नाही, इंग्रजीत थेट त्यांना विचारते, “त्यानं माझ्या मुलाचं काय भलं होईल?”

सुपरवायझरबाई थेरपिस्टकडे बघतात. थेरपिस्ट खरं बोलतात: काही मुलांचं होतं, याचं आत्ता होणार नाही. अडखळत बोलताना वर्गातली मुलं वळून बघतात आणि मग तो तोंड मिटून घेतो. त्याला आणखी काही महिने दार बंद असलेली खोली हवी.

“मग ७९ राहू द्या,” आई म्हणते.

बाबा काहीतरी बोलायला तोंड उघडतात. दहावीपासून टक्क्यांवर वाढलेला माणूस, ०.५१साठी पेपर रीचेकिंगला टाकणारी आपली जात. त्यांची घालमेल मला कळते. पण ते तोंड मिटतात आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात. सुपरवायझरबाईंना श्रेय द्यायला हवं. त्या ताणत नाहीत. “हे ठीक आहे,” म्हणतात आणि लेखनाच्या तीन दिवसांसाठी वर्गात जादा शिक्षिका देण्याचं कबूल करतात. तिचा पगार बहुतेक इथल्या घरपट्टीतून आणि राज्याच्या तिजोरीतूनच निघणार. जादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार उचलायचं केंद्रानं १९७५ साली बोलून ठेवलंय, तिथवर ते आजतागायत पोचलेलं नाही.

केस मॅनेजर सगळं मोठ्यानं वाचून दाखवतात. लेखन, सर्वसाधारण वर्गात, विशेष शिक्षिकेसह, आठवड्यातून ३ वेळा, ४० मिनिटं. स्पीच, वर्गाबाहेर, गटात, आठवड्यातून २ वेळा, ३० मिनिटं. वर्गशिक्षिका मोठ्यानं वाचत असताना मुलाला बाहेर नेऊ नये, हे वाक्य टाकायला सॉफ्टवेअरमध्ये रकाना सापडत नाही. कारण वेळापत्रक पुढच्या शिक्षिकेचं, आणि तिचा वाचनाचा तास कितीला असेल ते सप्टेंबरशिवाय कळणार नाही. शेवटी ते ‘पालकांचं म्हणणं’ या जागेत जातं. आई एकेक शब्द सांगते, केस मॅनेजर टाइप करतात. नोव्हेंबरात पुन्हा बसून लेखनाचं कसं चाललंय ते पाहायचं, हेही लिहिलं जातं. तोवर मोजणीचा दिवस होऊन गेलेला असेल आणि मुलगा दुसऱ्या कप्प्यात नोंदला गेलेला असेल.

आई सही करत नाही. “घरी नेऊन वाचते,” म्हणते, आणि केस मॅनेजर मान डोलावून प्रत छापायला घेतात.

इथल्या मराठी पालकांपैकी कुणाची अशी बैठक येत असेल, तर आदल्या आठवड्यातच मुलाचं तासवार वेळापत्रक आणि थेरपीच्या नोंदी लेखी मागवून घ्या, टक्का कसा काढला तो भागाकार कागदावर दाखवायला सांगा, आणि प्रत्येक बाहेरच्या अर्ध्या तासासमोर त्या वेळी वर्गात काय चालतं ते स्वतःच्या हातानं लिहा. वाचायला घरी न्या, पण ठेवून देऊ नका. न्यू जर्सीत पहिल्या आयईपीला पालकांची सही लागतेच. त्यानंतरचे मात्र सही नसली तरी १५ दिवसांनी लागू होतात, आणि ते थांबवायचे तर त्या १५ दिवसांच्या आतच मध्यस्थीची किंवा सुनावणीची मागणी करावी लागते.